नादारीचा अर्ज: यादीपासून मुक्तीच्या आदेशापर्यंत

नादारीचा, म्हणजे देणी फेडता येत नाहीत असं न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा, अर्ज करायचा म्हणून माणूस पहिल्यांदा समोर येऊन बसतो, तेव्हा त्याच्या हातात फोन असतो, कागद नसतात. एकूण देणं किती असं विचारलं की तो एक आकडा सांगतो. चार दिवसांनी सगळे कागद जमले की खरा आकडा त्याहून बराच मोठा निघतो. तो खोटं बोललेला नसतो, बेरीज करायचा धीरच झालेला नसतो. एका कार्डातून काढून दुसऱ्यात भरलेलं, ॲपवरून घेऊन हप्त्याला लावलेलं, मेहुण्याकडून घेतलेले हातउसने, हे सगळं त्यानं डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं असतं. असे अर्ज तयार करणाऱ्या आणि जिल्हा न्यायालयात चालवणाऱ्या आमच्यासारख्यांचं पहिलं काम कायद्याचं नसतं. ते कप्पे मोडून एक यादी करायची असते.

आधी कायदा कुठला ते सांगायला हवं, कारण इथे सर्रास गोंधळ होतो. नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ साली आली. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्तींसाठी तरतुदी आहेत, पण १ डिसेंबर २०१९ पासून त्या लागू झाल्या त्या फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्या लोकांना. नोकरदार, दुकानदार, रिक्षावाला यांच्यासाठी त्या अंमलात आलेल्या नाहीत. छोट्या कर्जदारासाठी 'नवी सुरुवात' नावाची सोपी प्रक्रिया त्या संहितेत आहे. वार्षिक उत्पन्न ६०,०००, मालमत्ता २०,००० आणि कर्ज ३५,००० रुपयांच्या आत असलेल्यांसाठी ती लिहिली गेली, आणि तीही कागदावरच राहिली. जुने कायदे रद्द करणारं कलम लागू केलेलं नाही, म्हणून ते अजून जिवंत आहेत, असा खुलासा केंद्रीय अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये केला होता. त्यामुळे मुंबईत १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट चालतो, अर्ज उच्च न्यायालयात होतो आणि मालमत्ता तिथल्या ऑफिशियल असायनीकडे (नादाराची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते. पुणे, नाशिक, सांगली, लातूर, नागपूर, म्हणजे उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात, किंवा शासनानं अधिकार दिलेल्या दुय्यम न्यायालयात. पुढचं सगळं या १९२० च्या कायद्याबद्दल आहे.

'नादारी' म्हटलं की जुन्या पिढीला शाळेतली फीमाफी आठवते. शब्द तोच आहे, आणि त्याची लाज वाटायचं कारण तेव्हाही नव्हतं.

अर्ज कोण करू शकतो? ज्याला देणी फेडता येत नाहीत, आणि खालच्यापैकी एक गोष्ट खरी आहे असा कुणीही: देणं ५०० रुपये किंवा जास्त आहे, किंवा पैशाच्या हुकूमनाम्यात (पैसे द्या अशा न्यायालयाच्या निकालात) अटक झाली आहे, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू आहे. १९२० सालचे ५०० रुपये अजून तसेच आहेत, म्हणून ही पायरी कुणालाही अडत नाही. अडते ती पहिली अट. ज्याच्या नावावर चाळीस लाखांचा फ्लॅट आहे, त्यावर बोजा नाही आणि देणं बारा लाखांचं आहे, तो फेडू शकत नाही असं नाही; त्याला विकायचं नाही एवढंच. अशा माणसानं अर्ज करू नये. तो टिकत नाही.

एक नमुना धरून पुढे जाऊ. पगार महिना ३८,०००. बँकेचं वैयक्तिक कर्ज ४,६०,००० बाकी, दोन क्रेडिट कार्डं मिळून ३,०५,०००, पतसंस्था ३,००,००० आणि तिला दोन जामीनदार, तीन ॲपांचे मिळून ८५,०००, नातेवाईक-मित्रांकडचे हातउसने २,५०,०००. बेरीज १४ लाख. कार्डांवर महिना साडेतीन टक्के व्याज धरलं तरी एकट्या कार्डांचं व्याज दर महिन्याला १०,६७५ रुपये होतं, वर जीएसटी. या घरात काटकसर करून कर्ज फिटणार नाही. हे गणित मांडून दाखवलं की समोरच्या माणसाचे खांदे खाली येतात. आपण आळशी किंवा बेजबाबदार आहोत म्हणून हे फिटत नाही, असं तो इतके महिने समजत आलेला असतो.

आता यादी. कायद्याचं १३ वं कलम अर्जात काय काय हवं ते सांगतं: देणी फेडता येत नाहीत असं विधान, राहण्याचं किंवा कामाचं ठिकाण, अटक किंवा जप्तीचा आदेश असेल तर कुठल्या न्यायालयाचा, प्रत्येक धनकोचं (ज्याचे पैसे देणं आहे त्याचं) नाव, पत्ता आणि रक्कम, स्वतःच्या सगळ्या मालमत्तेचा तपशील आणि किंमत, ती न्यायालयाच्या हवाली करण्याची तयारी, आणि याआधी कधी असा अर्ज केला होता का. वाचायला दोन मिनिटं लागतात. भरायला महिना जातो, आणि तो जाऊ द्यावा.

धनकोंची यादी आठवणीतून करायची नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही पतमाहिती संस्था वर्षातून एकदा आपल्या कर्जांचा पूर्ण अहवाल फुकट देतात. चारही काढायचे, एकावर भागत नाही. एका संस्थेकडे न दिसणारं कर्ज दुसरीकडे दिसतं. त्यानंतर गेल्या तीन वर्षांचे सगळ्या बँक खात्यांचे उतारे घेऊन बसायचं आणि जमा झालेली प्रत्येक मोठी रक्कम कुठून आली ते लिहायचं. हातउसने तिथे सापडतात. भिशीची उचल तिथे सापडते.

ॲपच्या कर्जात हमखास चूक होते. लोक धनको म्हणून ॲपचं नाव लिहितात. ॲप हा दलाल असतो, पैसे देणारी बँक किंवा बिगरबँक वित्त कंपनी वेगळी असते. कर्ज देताना दिलेल्या मुख्य तथ्य पत्रकात तिचं नाव असतं. तिच्या नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता यादीत हवा, नाहीतर नोटीस परत येते आणि दोन तारखा वाया जातात. तसंच जुनं थकीत कर्ज बँकेनं मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलेलं असतं. मग धनको ती कंपनी. शंका असेल तर दोघांचीही नावं घालायची. जास्त नावं झाली म्हणून कुणाचं बिघडत नाही.

मुदतही तपासायची. साध्या पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, हुकूमनामा झाला असेल तर त्याच्या अंमलबजावणीला बारा वर्षं. तीन वर्षं उलटायला आलेल्या कर्जावर वसुलीवाल्याच्या सांगण्यावरून 'फक्त पाचशे भरा' म्हणून कुणी भरतं आणि ते भरल्याची सहीची किंवा लेखी नोंद राहते. तिथून मुदत नव्यानं सुरू होते.

नातेवाइकांची नावं घालायला लोक फार कचरतात. 'काकांना कोर्टाची नोटीस कशी पाठवू?' हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वेळी येतो. पाठवायला लागते. काकांचं नाव गाळलं आणि त्यांना मागच्या दाराने फेडत राहिलं, तर बाकीच्या धनकोंच्या वकिलाला नेमकं तेच हवं असतं. अर्जाआधी काकांकडे स्वतः जाऊन बसावं, पाकीट येणार आहे हे तोंडानं सांगावं. यादी खरी असण्यावर पुढचं सगळं उभं आहे, अगदी शेवटच्या आदेशापर्यंत.

मालमत्तेच्या यादीत काय जातं आणि काय वाचतं याबद्दल भीती खऱ्यापेक्षा मोठी असते. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाखाली ज्याची जप्ती होत नाही, ते नादारीतही जात नाही. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रीतीप्रमाणे स्त्रीनं अंगावरून उतरवू नयेत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं, बियाणं आणि राहतं घर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, आयुर्विम्याचे पैसे, सरकारी निवृत्तिवेतन. पत्नीचं स्त्रीधन तर मुळात नवऱ्याची मालमत्ताच नाही, पण ते तिचं आहे हे दाखवणाऱ्या पावत्या, लग्नातले फोटो जमवून ठेवावेत.

पगाराचं गणित वेगळं आहे. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश वाचतात. आपल्या नमुन्यात ३८,००० मधून १,००० वजा, राहिले ३७,०००, त्याचा तिसरा हिस्सा १२,३३३. एवढाच भाग जप्त होऊ शकतो. तोही एकूण २४ महिने झाला की पुढचे १२ महिने थांबतो, आणि हुकूमनामा तोच असेल तर त्यासाठी कायमचाच. पोटगीच्या हुकूमनाम्याला हे संरक्षण लागू नाही. सगळा पगार उचलून नेतील ही धमकी कुणी दिली असेल तर ती धमकीच आहे.

वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा मात्र लिहायचा, सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव असलं तरी. आणि इथेच सगळ्यात महाग पडणारी चूक होते. कर्ज अंगाशी आलं की घरचे वडीलधारे सांगतात, भावाच्या नावे हक्कसोड करून टाक, बायकोला बक्षीसपत्र दे, जमीन तरी वाचेल. कायद्याच्या ५३ व्या कलमाप्रमाणे अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेलं असं हस्तांतर रिसीव्हरला, म्हणजे मालमत्ता ताब्यात घ्यायला न्यायालयानं नेमलेल्या माणसाला, रद्द करून घेता येतं. म्हणजे जमीन वाचत नाहीच, वर भाऊ कोर्टात ओढला जातो आणि अर्जदार फसवणारा ठरतो. तसंच ५४ वं कलम: आधीच्या तीन महिन्यांत एकाच धनकोला झुकतं माप देऊन फेडलं असेल तर तेही उलटवलं जातं. प्रामाणिक विक्री, योग्य किमतीला, पैसे खात्यात घेऊन केलेली, तिला धोका नाही. तिचे कागद जोडावेत.

अर्जाच्या आधी नवं कर्ज घेऊ नये. 'नाहीतरी नादार व्हायचंच आहे' म्हणून शेवटचं एक ॲप उघडणारे असतात. फेडण्याची वाजवी आशा नसताना घेतलेलं कर्ज हे पुढे मुक्ती (देण्यांतून सोडवणारा शेवटचा आदेश) अडवणाऱ्या कारणांच्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे.

जामीनदारांचं काय? पतसंस्थेच्या कर्जाला सही केलेले दोन सहकारी नादारीनं सुटत नाहीत. ४४ वं कलम हे उघड सांगतं: मुक्ती नादाराची होते, त्याच्या जामीनदाराची किंवा सहकर्जदाराची नाही. पतसंस्था सहकार कायद्याच्या १०१ व्या कलमाखाली वसुली दाखला मिळवून जामीनदाराच्या पगारापर्यंत पोहोचू शकते. म्हणून आमचं मत असं, की थोडेफार पैसे हाताशी असतील आणि अर्जाला अजून अवकाश असेल, तर जामीनदारांना विश्वासात घेऊन त्या कर्जाची वाटाघाट पतसंस्थेशी आधी करावी. लोकअदालतीत दावा दाखल होण्यापूर्वीचं प्रकरण ठेवता येतं. व्याज सोडून मुद्दलावर तडजोड झाली तर दोन घरं वाचतात. मात्र ती तीन महिन्यांची मर्यादा इथेही डोक्यात हवी. पैसे जामीनदारानं स्वतःचे भरले तर प्रश्न येत नाही, आणि भरलेल्या रकमेपुरता तो आपला धनको होतो. यादीत तो तसा घालायचा.

तारण कर्जाला नादारी धक्का लावत नाही. गृहकर्ज असेल तर बँक सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन घराचा ताबा घेण्याच्या वाटेवर जाऊ शकते. वाहन, सोनेतारण यांचंही तेच. तारण विकून बाकी राहिली तर तेवढ्यापुरती बँक इतर धनकोंच्या रांगेत येते.

आणि धनादेश. कर्जदारांकडून कोरे, सही केलेले धनादेश घेतलेले असतात. ते वटले नाहीत तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या १३८ व्या कलमाखाली फौजदारी खटला होतो. बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं २५ वं कलम. नादारीच्या आदेशानं हे खटले थांबत नाहीत. त्या तारखांना हजर राहावंच लागतं. नादारीचा अर्ज टाकला, आता कुठे जायला नको, असं समजून गैरहजर राहिलेल्याच्या नावे वॉरंट निघतं आणि घर हादरतं. ज्याच्याकडे असे खटले आहेत त्याला आम्ही पहिल्याच दिवशी वेगळी डायरी करायला सांगतो: खटला क्रमांक, न्यायालय, पुढची तारीख.

बिनपरवाना सावकाराचं देणं असेल तर ते गुपचूप यादीत टाकून गप्प बसू नये. महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकाकडे वेगळी तक्रार होते, आणि सावकारीत लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याची वाटही तिथेच आहे.

अर्ज तयार झाला की त्यावर दाव्यासारखी पडताळणी, सही, प्रतिज्ञापत्र. जिथे नेहमी राहता किंवा स्वतः काम करता तिथल्या न्यायालयात दाखल. गाव सोडून शहरात सहा वर्षं राहणाऱ्यानं आधार कार्डावरचा गावचा पत्ता बघून गावाकडे अर्ज टाकला, तर अधिकारक्षेत्राचा आक्षेप येतो. भाडेकरार, वीजबिल, पगारपत्रक जोडावं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे अर्जदार यांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. एकदा टाकलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, हे सही करण्याआधी समजून घ्यावं.

अर्ज दाखल झाला म्हणजे वसुली थांबली, असं आपल्याकडे होत नाही. परदेशातल्या गोष्टी वाचून लोकांना तसं वाटतं. अमेरिकेत अर्ज नोंदला की त्या क्षणी स्थगिती लागते. इथे खरं कवच नादार ठरवणाऱ्या आदेशानंतर येतं. मधल्या काळात दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) जप्ती किंवा अटकेची कारवाई चालू असेल तर त्या न्यायालयाला अर्जाची प्रत देऊन थांबायची विनंती करावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात अटक करून आणलेल्या माणसाला 'तू नादारीचा अर्ज करू शकतोस' हे सांगणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ५५ व्या कलमानं न्यायालयावर बंधनकारक आहे. महिन्याच्या आत अर्ज करतो अशी हमी दिली तर सुटकाही होऊ शकते. स्त्रीला तर पैशाच्या हुकूमनाम्यात अटकच होत नाही. आणि नुसतं फेडता येत नाही म्हणून कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, पैसे असून दडवलेले असायला हवेत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच सांगितलं आहे.

फोनचं वेगळं. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करू नयेत, नातेवाइकांना, मित्रांना त्रास देऊ नये, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. कॉलचे स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवावेत. शिवीगाळ, घरी येऊन धमकी झाली तर तो पोलिसांचा विषय आहे. या दिवसांत माणूस एकटा पडतो, जेवण सोडतो, झोप जाते. घरातल्या एका तरी माणसाला सगळी यादी दाखवा, हे आम्ही अगदी हट्टानं सांगतो. जिवाचं बरंवाईट करायचे विचार मनात येत असतील तर ते त्याच दिवशी कुणाला तरी बोला. वैयक्तिक कर्ज थकणं हा गुन्हा नाही, आणि सगळं कर्ज मिळूनही ते एका माणसाएवढं मोठं नसतं.

अर्ज दाखल करून घेताना न्यायालय सुनावणीची तारीख ठरवतं, धनकोंना नोटिसा काढतं आणि कर्जदाराचाच अर्ज असला की साधारणपणे हंगामी रिसीव्हर नेमतं. यानंतर हिशेबाच्या वह्या, कागद, मालमत्तेची यादी रिसीव्हरपुढे ठेवणं, बोलावलं की हजर राहणं ही अर्जदाराची कर्तव्यं आहेत. ती जाणूनबुजून टाळली तर वर्षभरापर्यंत शिक्षा होऊ शकते.

सुनावणीत एखादा वकील मोठ्या आवाजात म्हणतो, हा लबाड आहे, मजा करून कर्ज बुडवतोय. अर्जदार हादरतो. पण या टप्प्यावर न्यायालयाला बघायचं असतं ते इतकंच, की देणी फेडता येत नाहीत असं मानायला सकृद्दर्शनी आधार आहे का. लबाडी केली की नाही हा प्रश्न मुक्तीच्या वेळचा. पगारपत्रक, खाते उतारे, घरखर्चाचा महिन्याचा तक्ता आणि धनकोंची बेरीज एवढं नीट असलं तर शांतपणे उत्तरं द्यावीत. घरखर्चाचा तक्ता खरा असावा. मुलांची फी, आईची औषधं लिहायला संकोच नको, आणि किराण्याचे ४,००० लिहून स्वतःला साधू दाखवायचीही गरज नाही.

आधार पटला की नादार ठरवणारा आदेश होतो. आदेशातच एक मुदत लिहिलेली असते: इतक्या काळात मुक्तीसाठी अर्ज करावा. ही ओळ लाल शाईनं अधोरेखित करून ठेवा. आदेश राजपत्रात छापला जातो. मालमत्ता न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे निहित होते, म्हणजे तिचा हक्क त्यांच्याकडे जातो, आणि तीही अर्ज दिल्या तारखेपासून झाली असं धरलं जातं. कुठल्याही बिनतारण धनकोला परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही, चालू दाव्यांच्या न्यायालयांत आदेशाची प्रत दिली की ती न्यायालयं कामकाज थांबवतात किंवा अटी घालून पुढे नेतात. ही प्रत प्रत्येक न्यायालयात आपणच न्यायची असते. आपोआप कुणी पाठवत नाही. अटकेपासून संरक्षण हवं असेल तर ३१ व्या कलमाखाली वेगळा अर्ज.

रिसीव्हर धनकोंकडून प्रतिज्ञापत्रावर दावे घेतो, यादी पक्की होते, मालमत्ता असेल तर विकून वाटप होतं. सरकारी देणी आणि नोकरांचा ठरावीक पगार आधी, मग इतर सगळे प्रमाणात. ज्याच्याकडे स्कूटर आणि भांडीकुंडी याखेरीज काही नाही, त्याचा अहवाल लवकर होतो. मधेच धनकोंशी तडजोडीचा प्रस्तावही मांडता येतो. ज्यांचे दावे सिद्ध झालेत अशांपैकी संख्येनं बहुमत आणि रकमेनं तीन चतुर्थांश धनको तयार झाले आणि न्यायालयाला तो वाजवी वाटला, तर तो सगळ्यांवर बंधनकारक होतो. नोकरी पक्की असलेल्यासाठी ही वाट चांगली.

नादार असतानाच्या काळाचे नियम कडक आहेत. आपण नादार आहोत हे न सांगता कुणाकडूनही ५० रुपये किंवा जास्त उधार घेणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणजे वाण्याची उधारीसुद्धा. स्थानिक संस्थेची निवडणूक, आमदारकी, खासदारकी, कंपनीचं संचालकपद बंद. सरकारी नोकरानं कारवाई सुरू होताच कार्यालयाला कळवायचं असतं. आणि या काळात वडील वारले, हिस्सा आला, तर तोही रिसीव्हरकडे जातो. तो दडवण्यात अर्थ नाही, वारस नोंद सगळ्यांना दिसते.

आता मुक्ती. इथपर्यंत आलेली कितीतरी माणसं आदेश मिळाला, फोन थांबले, म्हणून घरी बसतात. नादार ठरल्यानं कर्ज संपत नाही, ते फक्त अडवलं जातं. संपतं ते मुक्तीच्या आदेशानं. ठरलेल्या मुदतीत मुक्तीचा अर्ज केला नाही, किंवा करून तारखेला गेलंच नाही, तर ४३ व्या कलमाखाली नादारीच रद्द होते. मग सगळे धनको पुन्हा मोकळे, आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय नवा अर्जही करता येत नाही. सगळी मेहनत पाण्यात. मुदत वाढवून मिळते, पण ती संपण्याआधी कारण सांगून मागितली तर सोपं जातं. शेवटची तारीख जवळ यायच्या दोन महिने आधी अर्ज तयार हवा.

मुक्तीच्या सुनावणीत रिसीव्हरचा अहवाल महत्त्वाचा. ४२ व्या कलमातली कारणं तिथे निघतात. मालमत्तेतून रुपयाला ५० पैसेही वसूल होत नसतील तर ते एक कारण, मात्र तसं होण्याला आपण जबाबदार नाही हे दाखवता आलं तर सुटका. आजारपण, नोकरी जाणं, अपघात, दुकान बंद पडणं: दवाखान्याची बिलं, कामावरून कमी केल्याचं पत्र, जीएसटी रद्द केल्याचा दाखला हे कागद इथे बोलतात. दुसरी कारणं: व्यवसायाच्या वह्या न ठेवणं, नादार झालोय हे कळूनही धंदा रेटणं, अविचारी सट्टा, जुगार, न पेलणारी चैन. शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये किंवा ऑनलाइन खेळात पैसे घालवलेल्यानं ते खात्याच्या उताऱ्यावर दिसणारच आहे हे समजून स्वतःच सांगावं, केव्हा थांबवलं तेही सांगावं. यापैकी काही सिद्ध झालं तर बिनशर्त मुक्ती मिळत नाही. न्यायालय ती नाकारू शकतं, काही काळ लांबवू शकतं, किंवा पुढच्या मिळकतीतून अमुक भरा अशी अट घालून देऊ शकतं. अट घातली तरी ती घ्यावी. अट असलेली मुक्ती ही मुक्तीच आहे.

सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी यातून मुक्तीनंतरही सुटका नाही. बाकीची सिद्ध होऊ शकणारी देणी संपतात.

हे सगळं महिन्यांत मोजायचं काम नाही, वर्षांत मोजायचं आहे. मुक्तीचा आदेश झाला की त्याच्या प्रमाणित प्रती धनकोंच्या संख्येपेक्षा पाच-सहा जास्त काढाव्यात. प्रत्येक धनकोला स्पीड पोस्टानं एक, पावती जपून. चारही पतमाहिती संस्थांकडे आदेश जोडून खात्याची नोंद दुरुस्त करण्याची तक्रार. तीस दिवसांत तिचा निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. आणि एक प्रत स्वतःजवळ. चार वर्षांनी एखादी नवी वसुली कंपनी जुनी यादी विकत घेऊन फोन करतेच. तेव्हा वाद घालत बसू नये, ती प्रत ईमेलनं पाठवून द्यावी.